मेगान्यूरा हा ‘राक्षसी चतुर’ नव्हे

फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसा खाणीत सापडलेला, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा ‘मेगान्यूरा मोनी’ हा उडणारा कीटक पुस्तकांत आणि फॉरवर्डमध्ये सर्रास ‘राक्षसी चतुर’ ठरतो. पंखविस्तार 65-70 सेंटिमीटर, त्यामुळे ‘राक्षसी’ ठीक. ‘चतुर’ मात्र चूक.

निकाल पंखांच्या शिरांवरून लागतो. आजच्या कुठल्याही चतुराच्या किंवा टाचणीच्या (चतुराच्या बारीक अंगाच्या नातलगाच्या) पंखाची पुढची कड पाहा: मध्याच्या आसपास किंवा त्याहून बुडाकडे एक खाच-सांधा दिसतो, तो नोडस. टोकाजवळ बहुधा जाड, रंगीत ठिपकाही असतो. मेगान्यूरात दोन्ही नाहीत. म्हणून तो मेगॅनिसोप्टेरा या वेगळ्या, नामशेष गटात. चतुरांचा दूरचा भाऊबंद, पूर्वज नव्हे.

‘पंख मोठा म्हणजे नवी प्रजाती’ हाही गैरसमजच. जीवाश्म पंख ओळखताना आधी तो पुढचा की मागचा, हे ठरवतात. मागचा बुडाशी रुंद असतो. मग कॉस्टा, सबकॉस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस अशा शिरा ओळखतात. इथेच नवखे फसतात. शिरा आलटून पालटून उंच आणि खोलगट असतात, पण दगडाच्या दुसऱ्या फाकेवर उठलेल्या ठशात सगळे उलटे दिसते. शिवाय प्रकाशाची दिशा बदलली की डोळ्याला खोबण उंचवटा वाटते. त्यामुळे तिरप्या प्रकाशात, किमान दोन दिशांनी फोटो काढावेत. खडक दाबाने ताणला गेला असेल तर लांबी-रुंदीचे गुणोत्तर बिनकामाचे. शिरांना फाटे कुठे फुटतात तेच धरावे.

नव्या प्रजातीचे नाव ग्राह्य व्हायला वर्णन आणि इतर प्रजातींपासूनचा फरक छापावा लागतो. 1999 नंतरच्या नावांसाठी नमुनाप्रत (ते नाव ज्याला बांधलेले असते तो नमुना) स्पष्टपणे नेमणेही सक्तीचे आहे. तो नमुना एकच पंख असला तरी चालतो.