ग्राफीन, युरिया आणि उडून जाणारा अमोनिया

कोरोनाच्या काळात गावोगावच्या मोबाइलवर फिरलेला एक संदेश अजूनही डोकं वर काढतो: लसीत ग्राफीन आहे, म्हणून दंडाला चुंबक चिकटतं आणि टॉवरला आपला पत्ता लागतो. लसीत ग्राफीन नव्हतं. शिवाय ग्राफीनचे थर रचून बनलेल्या ग्रॅफाइटला चुंबक ओढत नाही, उलट किंचित दूर ढकलतं. या अफवेपायी एक सुंदर पदार्थ उगाच बदनाम झाला, म्हणून हा लेख.

पेन्सिलीच्या शिशातल्या ग्रॅफाइटचा फक्त एक अणू जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी 2004 मध्ये तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला. 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता आपल्या वावरात या. ओल्या जमिनीवर युरिया फेकला की जमिनीतलं युरिएज हे विकर तो फोडतं आणि अमोनिया तयार होतो. विदर्भातली काळी जमीन बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी, वरून ऊन. मग पऱ्हाटीला मिळायचा नत्र हवेत उडतो. नाकाला वास येतो, पण किती गेला ते नाक सांगत नाही.

ग्राफीन इथेच कामाचं. त्यातला प्रत्येक कार्बन अणू तीन शेजाऱ्यांना बांधलेला असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो. थराला आतला भाग नाहीच, सगळे अणू पृष्ठभागावरच. हवेत ठेवलेल्या ग्राफीनमध्ये सहसा इलेक्ट्रॉनांची थोडी तूट असते; वीज वाहते ती त्या रिकाम्या जागांमुळे, त्यांना होल म्हणतात. अमोनियाचा रेणू चिकटला की तो थोडा इलेक्ट्रॉनभार देतो, होल भरतात, रोध म्हणजे विजेला होणारा अडथळा वाढतो. नायट्रोजन डायऑक्साइड नेमकं उलट करतो. 2007 मध्ये मँचेस्टरच्याच गटाने या वायूचा एकेक रेणू चिकटता-सुटताना मोजमापात पायऱ्या पडलेल्या दाखवल्या. मला तर हा प्रयोग नोबेलइतकाच मोठा वाटतो!

असं ग्राफीन एका पट्टीवर अँटेनाला जोडलं की रोधासोबत, दुरून वाचणाऱ्या यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरी किती परततात, तेही बदलतं. पट्टीला बॅटरी लागत नाही.

ग्राफीन संगणकाच्या चिपमधल्या सिलिकॉनला हद्दपार करेल, हा गाजावाजा मात्र मला पटत नाही. त्याला बँडगॅप, म्हणजे वीज वाहण्याआधी इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, नाही; त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधली विजेची चालू-बंद कळ, पुरता बंदच होत नाही. रेडिओसंकेत मिसळायला ते चालतं, संगणकाच्या 0 आणि 1 ला नाही.

शेतातली खरी अडचण वाफेची. पाण्याचे रेणूही ग्राफीनला चिकटतात आणि रोध बदलतात. श्रावणातल्या दमट हवेत अमोनिया कोणता आणि ओल कोणती, हे वेगळं काढायला शेजारी आर्द्रतेचा दुसरा सेन्सर ठेवून त्याचा परिणाम वजा करावा लागतो.