तिन्ही डिझाइन चांगली आहेत, मग ऑर्डर कोणत्या फिक्स्चरची द्यायची?

फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, घट्ट धरून ठेवणारं साधन. ते आम्ही बनवतो. नव्या फिक्स्चरची चौकशी आली की आम्ही तीन डिझाइन पाठवतो. आठवड्याभरात फोन येतो, "तिन्ही छान आहेत, तुम्हीच सांगा." आम्ही सांगतो, आणि मग तुमच्याकडे मीटिंग बसते. परचेसला स्वस्त हवं, क्वालिटीला भरभक्कम, प्रॉडक्शनला झटपट लोड होणारं. यात दोन आठवडे जातात. डिलिव्हरीची तारीख मात्र जागची हलत नाही.

तिन्ही चांगली असणारच. जे ड्रॉइंगचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) धरत नाही, ते आमच्या दाराबाहेर पडतच नाही. म्हणजे अचूकतेवर निवड होणार नाही, तो पेपर तिघांनीही सोडवलाय. फरक कळतो मशीनपाशी, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला तर लगेच कळतो.

वाळूजच्या एका ग्राहकाकडे आम्ही एमडीएफचा, म्हणजे लाकडी भुशाच्या बोर्डाचा, डमी घेऊन गेलो होतो. साहेबांनी दोन नंबरचं डिझाइन पास केलं होतं. ऑपरेटरने व्हीएमसीच्या (कटिंगच्या कॉम्प्युटर मशीनच्या) दारातून हात घातला, क्लॅम्पचा दांडा एकदा फिरवला आणि म्हणाला, "दांडा दाराला लागायलाय साहेब." मीटिंगमधल्या सहा जणांनी आणि खरं सांगायचं तर आम्हीही जे पाहिलं नव्हतं, ते त्याला दहा सेकंदांत दिसलं. तेव्हापासून डमी दाखवल्याशिवाय आम्ही स्टील कापत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्यापर्यंत ही पहिली फेरी आमच्या खर्चाने.

लोडिंगचा हिशोबही तिथंच होतो. हाताच्या क्लॅम्पपेक्षा हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबाने आवळणाऱ्या क्लॅम्पवर) जॉबमागे चाळीस सेकंद वाचत असतील आणि दिवसाला तीनशे नग असतील, तर ते तीन तास वीस मिनिटं झाले. तीसच नग असतील तर वीस मिनिटं, आणि तेवढ्यासाठी पॉवर पॅक (तेलाला दाब देणारं युनिट) घेऊ नका. विकायला आम्हाला काय, हायड्रॉलिकमध्ये चार पैसे जास्तच सुटतात.

पण सगळ्यात जास्त वेळ खाणारी मागणी वेगळीच. "एक नंबरचे क्लॅम्प आणि तीन नंबरचा बेस, असं करून द्या." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, मीटिंगमध्ये कुणाचं मनही मोडत नाही. पण जॉब बसतो सहा टेकूंवर. खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक. क्लॅम्पचा दाब खालच्या टेकूच्या बरोबर डोक्यावर पडावा लागतो. एक नंबरचे टेकू त्याच्या स्वतःच्या क्लॅम्पखाली आहेत, तीन नंबरच्या बेसवर ते दुसरीकडे आहेत. जोड केली की दाब अधांतरी पडतो. ॲल्युमिनियम कव्हरची पातळ भिंत वाकते आणि वाकलेल्या भिंतीतच बोअर (गोल भोक) होतो. मशीनवर मोजला तर अगदी गोल. क्लॅम्प सोडला की भिंत मागे येते आणि बोअर लंबगोल. मशीनवर ओके, सीएमएमवर (मापं तपासणाऱ्या मशीनवर) रिजेक्ट, आणि बोलणी फिक्स्चरवाल्याला. ग्राहकाचा शब्द मोडायचा नाही म्हणून आम्हीही एकदा असं करून दिलं. बेस भंगारात गेला.

त्यामुळे जोड हवी असेल तर ते आम्ही चौथं, नवीन डिझाइन धरतो आणि त्याचं बिल वेगळं लावतो. काहींना हे खटकतं. पण टेकू, दाब, टूलची वाट, सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. दोन चित्रं चिकटवून ते होत नाही.

पूर्वी आम्ही पाच-सहा डिझाइन द्यायचो. त्याने मीटिंगा वाढल्या, ऑर्डरी नाही. किमतीच्या क्रमाने मांडायचो, तेव्हा बहुतेक जण मधलं उचलायचे. स्वस्त घेतलं तर टिकेल का ही धास्ती, महाग घेतलं तर वरचे साहेब विचारणार. एकदा थ्रीडी चित्रात एका बेसला निळा रंग दिला, तर तेच पास झालं. कारण कुणीच धड सांगू शकलं नाही. आता तिन्ही राखाडी असतात, क्रम किमतीचा नसतो, आणि आमची पसंती शेवटच्या पानावर कारणासकट लिहिलेली असते. आधी तुमचं मत ठरवा, मग ते पान उलटा.

मशीनपाशी पाहूनही दोन सारखीच वाटली, तर दुरुस्तीकडे बघा. रेस्ट पॅड (खालचे टेकू) आणि लोकेटर पिन (जॉबची जागा पक्की करणाऱ्या) झिजणारच. त्या तुमच्याच टूलरूममध्ये स्क्रू काढून बदलता येतात का? रात्रपाळीला हायड्रॉलिकचं सील गेलं तर तुमच्याकडे कोण आहे? आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हायड्रॉलिकचं तेल पातळ होतं, हेही मनात असू द्या.

इतकं करूनही बरोबरी सुटली नाही, तर खुशाल चिठ्ठी टाका. थट्टा नाही. खरोखर सारखीच असतील तर कोणतंही घेतलं तरी फारसं बिघडत नाही, बिघडतं ते मशीन रिकामं राहिल्याने. ऑर्डर दिल्यावर महिनाभर रेस्ट पॅडची उंची बदलायची असेल तर पैसे घेत नाही. लोकेटरची जागा बदलायची असेल तर घेतो.

आमच्याकडे येताना दोन गोष्टी आणा. मशीनचं दार उघडल्यावर मिळणाऱ्या जागेचं माप आणि एक कच्चं कास्टिंग, ड्रॉइंगवरचं नव्हे, फाउंड्रीतून खरोखर जसं येतं तसं, बरीसकट, म्हणजे कडेला राहिलेल्या धातूच्या कंगोऱ्यासकट.