जिन्यातला दिवा आणि २५६ फंक्शनं

सांगलीत गावभागातल्या आमच्या जुन्या घरी जिन्यात एकच दिवा होता, त्याला बटणं मात्र दोन: एक खाली, एक माडीवर. कुठलंही दाबा, पेटलेला विझे, विझलेला पेटे. बटणांच्या प्रत्येक स्थितीला दिवा पेटलेला की विझलेला हे ठरवणारा असा नियम म्हणजे बूलियन फंक्शन, आणि बटणं म्हणजे त्याची चलं. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या पेपरात ‘तीन चलांची बूलियन फंक्शनं किती?’ असं विचारलं की मुलं २५६ हे पाठ केलेलं उत्तर लिहितात, याचं मला वाईट वाटतं. यातली निम्मी मोजणी त्यांनी शाळेत वृत्तांच्या तासाला केलेलीच असते.

तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू. गण झाले आठ. ‘यमाताराजभानसलगा’ यात लागोपाठची तीन-तीन अक्षरं घेत गेलं की आठही गण एकेकदाच भेटतात. अशा मांडण्या क्रमाने लिहून काढायची रीत, म्हणजे प्रस्तार, पिंगलाच्या छंदःसूत्रांत आहे. लघूला ०, गुरूला १ म्हणा, की सत्यता सारणीच्या, म्हणजे चलांच्या सगळ्या शक्य स्थितींच्या तक्त्याच्या, आठ ओळी तयार. मग प्रत्येक ओळीला ‘हो’ किंवा ‘नाही’ असा कौल द्यायचा. आठ कौल, म्हणून २ चा आठवा घात. पाच चलांना ओळी ३२, आणि फंक्शनं ४,२९,४९,६७,२९६.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं ते १८४३ साली. त्यानंतर चार वर्षांनी, इंग्लंडातल्या लिंकनमध्ये शाळा चालवणाऱ्या जॉर्ज बूलने तर्क बीजगणितात मांडला. त्या बीजगणितात ‘क्ष’चा वर्ग ‘क्ष’च. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी अभियंत्याने प्रबंधात दाखवलं की विजेच्या स्विचांची जोडणी याच बीजगणिताने चालते. १९४९ मध्ये त्याने निव्वळ मोजणीतून आणखी एक गोष्ट सिद्ध केली: फंक्शनं इतकी प्रचंड आणि लहान सर्किटं इतकी थोडी, की बहुतेक फंक्शनांना अवाढव्य सर्किट लागणारच. मला हा युक्तिवाद फार आवडतो. असं एखादं फंक्शन बोट ठेवून दाखवावं लागत नाही, मोजणी पुरते.

आता जिन्याचं कोडं. तीन मजले, तीन बटणं, कुठलंही दाबलं तरी दिवा पालटला पाहिजे. २५६ पैकी अशी फंक्शनं किती? पहिल्या ओळीचा कौल ठरला की एक बटण बदललेल्या ओळीचा कौल उलटा, त्याच्या शेजारचा पुन्हा सुलटा. सगळ्या ओळी आपोआप बांधल्या जातात. म्हणून दोनच. बटणं शंभर केली तरी दोनच!

अट जरा बदला: बटण चालू केल्याने पेटलेला दिवा कधी विझता कामा नये. अशा फंक्शनांची मोजणी जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंडने १८९७ साली हाती घेतली. आठ चलांची संख्या १९९१ मध्ये निघाली. नऊ चलांची ४२ अंकी संख्या २०२३ मध्ये, जर्मनीतल्या पाडरबोर्न आणि ड्रेस्डेन इथे स्वतंत्रपणे, संगणकांच्या बळावर. तीन चलांचं उत्तर २० आहे. गणांच्या आठ ओळी मांडून बसलं तर ते हाताने निघतं.