आयांनी सांगितलेल्या जन्ममृत्यूंचा हिशेब

पाच वर्षांखालची किती मुलं दगावतात, हे कळायला खरं तर वेगळं सर्वेक्षण लागू नये. जन्ममृत्यूची नोंद वेळच्या वेळी झाली तर आकडा तिथूनच निघतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर आशिया आणि आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत मात्र ही नोंद तुटपुंजी होती. जनगणना सहसा दहा वर्षांतून एकदा, आणि तिच्यात इतकं खोलात शिरून विचारायला वाव नाही. मग घरोघरी जाऊन थेट आयांनाच विचारायचं, हा एकच रस्ता उरला.

या रस्त्यावरचं पहिलं पाऊल आरोग्याच्या काळजीपोटी पडलं नव्हतं. १९५० आणि १९६०च्या दशकांत लोकसंख्यावाढीची धास्ती होती. कुटुंबनियोजनाबद्दल जोडप्यांना काय माहीत आहे, त्यांना काय वाटतं आणि ती प्रत्यक्षात काय करतात, एवढंच विचारणाऱ्या पाहण्या अनेक देशांत झाल्या. प्रश्न जागोजागी वेगळे असल्याने एका देशाच्या उत्तरांशेजारी दुसऱ्याची उत्तरं ठेवता येत नसत.

ही अडचण १९७२मध्ये सुरू झालेल्या जागतिक प्रजनन सर्वेक्षणाने दूर केली. आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने ते चालवलं, सांख्यिकीतज्ज्ञ मॉरिस केंडल त्याचे पहिले संचालक होते, आणि पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड व संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांचा होता. १९८४पर्यंत चाळीसहून अधिक विकसनशील देशांत एकाच साच्यातली प्रश्नावली वापरली गेली. बाईला तिच्या प्रत्येक बाळंतपणाबद्दल क्रमाने विचारायचं: मूल कधी जन्मलं, मुलगा की मुलगी, आज आहे का, नसेल तर किती वयाचं असताना गेलं. स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी त्याआधी आफ्रिकेतल्या आकडेवारीवर काम करताना दाखवून दिलं होतं, की किती मुलं झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत एवढं समजलं तरी बालमृत्यूचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. आता त्याहून कितीतरी तपशील हाती येऊ लागला. कुठल्याच दप्तरात न चढलेली मुलं आईच्या सांगण्यातून पहिल्यांदा देशाच्या हिशेबात आली. या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१९८४मध्ये यूएसएडच्याच निधीतून पुढचा कार्यक्रम उभा राहिला, लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा. डीएचएस या आद्याक्षरांनी तो जगभर ओळखला जातो. पहिलं सर्वेक्षण १९८५मध्ये एल साल्वादोरमध्ये झालं. जन्मांच्या यादीला लसीकरण, स्तनपान, अतिसार हे विषय जोडले गेले, आणि मुलांचं वजन-उंची मोजणं सुरू झालं. पुढे बोटाच्या टोकातून रक्त घेऊन ॲनिमियाची तपासणी आली, २००१मध्ये मालीत एचआयव्हीची चाचणीही झाली. बाळंतपणात दगावलेल्या बाईची मुलाखत घेता येत नाही. म्हणून जिवंत असलेल्यांना त्यांच्या बहिणींविषयी विचारून मातामृत्यूचा अंदाज काढायची पद्धत १९८९मध्ये मांडली गेली आणि तीही या प्रश्नावलीत सामावली. युनिसेफची स्वतंत्र सर्वेक्षणमालिका १९९०च्या दशकात सुरू झाली. दोन्हींचे बरेच प्रश्न हळूहळू जुळवून घेतले गेले.

भारतात याच धर्तीवर १९९२-९३मध्ये पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याची सूत्रधार. उंची मोजायच्या फळ्या वेळेवर न मिळाल्याने त्या फेरीत पाच राज्यांतल्या मुलांची उंची मोजताच आली नाही. २००५-०६मध्ये पाच वर्षांखालची ४८ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, २०१५-१६मध्ये ३८.४ टक्के आणि २०१९-२१मध्ये ३५.५ टक्के. मोजण्याची रीत आणि तुलनेचं प्रमाण एकच असल्यामुळेच ही उतरण दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये वाढीची नवी मानकं आणली, तेव्हा जुन्या फेऱ्यांचे आकडे पुन्हा काढल्याशिवाय नव्यांशेजारी ठेवता येत नव्हते.

या आकड्यांत चुका शिरतात, आणि त्या कुठून शिरतात हेही अभ्यासकांना ठाऊक आहे. वय सांगताना लोक शून्य किंवा पाचावर संपणारा आकडा धरतात. आरोग्याचे लांबलचक प्रश्न ठरावीक वर्षानंतर जन्मलेल्या मुलांनाच लागू असतात, म्हणून थकलेला मुलाखतकार कधी कधी मुलाचं जन्मवर्ष मागे सरकवतो. मृत्यूही त्यासोबत मागे सरकतात. अशी सरकवासरकव आकडेवारीत ओळखू येते, आणि त्यासाठी मुलाखती सुरू असतानाच पथकवार तपासणी केली जाते. घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, तेही एकांतात विचारायचे, असा नियम आहे. अभ्यासकांना माहिती देताना गावाचं नकाशावरचं ठिकाण मुद्दाम काही किलोमीटर हलवतात, म्हणजे सांगणारी ओळखू येत नाही. विश्वास टाकून बोललेल्या बायकांचं एवढं देणं लागतंच.

नव्वदहून अधिक देशांत चारशेवर सर्वेक्षणं झाल्यावर, फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदतीला कात्री लावताना हा कार्यक्रम बंद केला. तेव्हा कित्येक देशांत सर्वेक्षणाचं काम अर्ध्यावर होतं. पुढे गेट्स फाउंडेशनने अडकलेली कामं पुरी करायला तात्पुरता निधी दिला. भारताकडे स्वतःची संस्था आणि माणसं आहेत. अनेक लहान देश मात्र नमुना निवडण्यापासून अहवालापर्यंत बाहेरच्या तज्ज्ञांच्या मदतीवर अवलंबून आहेत. एखादी फेरी चुकली तरी त्या काळातले जन्ममृत्यू पुढच्या मुलाखतींतून बऱ्याच अंशी मिळवता येतात. दोन वर्षांच्या मुलाची आजची उंची मात्र नंतर कुठूनच मिळत नाही, आणि त्यामुळे पोषणाच्या आकडेवारीतली खंडित वर्षं कायमची रिकामी राहतील.