फारोचे मन कोणी कठीण केले?

इस्राएली लोकांना गुलामीतून सोडवायला निघालेला मोशे अजून मिसरात पोहोचायचा आहे, तोच परमेश्वर त्याला सांगतो की मी तिथल्या राजाचे, फारोचे मन कठीण करीन (बायबलमधील निर्गम 4:21). इथे पुष्कळ वाचक थबकतात. मन देवानेच कठीण केले, तर फारोचा अपराध कोणता आणि त्याला शिक्षा कशाची?

पण पुढे 8:15 मध्ये वेगळेच वाक्य येते: फारोने आपले मन कठीण केले. दोन्हीकडे शब्द तेच, म्हणून आपण ती एकच गोष्ट समजतो. ती एक नाही. देवाने मिसरावर आणलेल्या दहा पीडा क्रमाने वाचत गेले की फरक दिसतो. रक्त, बेडूक, उवा, गोमाश्या, गुरांची मरी, या पहिल्या पाचांत कठीण करणारा म्हणून देवाचे नाव एकदाही येत नाही. कधी मन 'कठीण झाले', कधी फारोने ते कठीण केले. बेडकांच्या वेळी तर मोशे विचारतो, प्रार्थना कधी करू? फारो म्हणतो, उद्या. दुसऱ्या दिवशी बेडूक मरतात, जरा मोकळा श्वास मिळतो आणि हा माणूस लोकांना सोडण्याचा शब्द फिरवतो. त्याचा हट्ट असा सुटकेनंतर उफाळतो.

सहाव्या पीडेला, अंगावर फोड येतात तेव्हा (9:12), 'परमेश्वराने कठीण केले' हे शब्द प्रथमच येतात. पहिला प्रकार पाप आहे, दुसरा न्याय. जे त्याने पुन्हा पुन्हा निवडले, त्यातच देवाने त्याला पक्के केले. बाराव्या शतकातला यहुदी पंडित मायमोनिदीसही असेच मांडतो: काही पापांची शिक्षा म्हणजे पश्चात्तापाची वाट बंद होणे. 4:21 चे कोडे यामुळे पुरते सुटत नाही, हे मी मान्य करतो. प्रेषित पौलही रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात ते देवाच्या अधिकारावर सोडतो.

मूळ हिब्रूत एक धागा आहे, तो मराठीत हरवतो. आपण सगळीकडे 'कठीण' म्हणतो, पण हिब्रूत मुख्यतः दोन क्रियापदे आहेत: 'हाझाक' म्हणजे घट्ट, बळकट होणे आणि 'कावेद' म्हणजे जड होणे. फारो स्वतः आपले मन करतो ते जड. मिसरी लोक मानत की मेल्यावर माणसाचे हृदय सत्याची देवता मात हिच्या पिसाशी तोलले जाते आणि ते जड भरले तर तो संपला. त्या देशाच्या राजाबद्दल हाच शब्द वाचला की अंगावर काटा येतो.

सातव्या, गारांच्या पीडेच्या वेळी दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात. 9:34 मध्ये फारो पुन्हा स्वतःच मन जड करतो आणि लगेच 10:1 मध्ये परमेश्वर म्हणतो, ते मी केले आहे. पण त्याआधीचे 9:20 वाचायचे राहून जाते. त्याच दरबारात, गारांचा तोच इशारा ऐकून, फारोच्या सेवकांपैकी ज्यांना परमेश्वराच्या वचनाचे भय वाटले, त्यांनी आपले चाकर आणि गुरे पळवत घरात आणली.