रंग देण्याआधी खोलीतल्या उजेडाचा हिशेब

गणपती गेले की मुंबईतल्या रंगाऱ्यांना उसंत नसते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर शेडकार्डं घरोघर फिरतात आणि बहुतेक घरांत तोच वाद रंगतो. पांढरा नको, लगेच मळतो. गडद नको, खोली लहान दिसते. शेवटी तडजोड म्हणून क्रीमवर शिक्कामोर्तब होतं. वाद आवडीनिवडीचा वाटतो खरा, पण त्याच्या मुळाशी चक्क आकडेमोड करता येईल असं भौतिकशास्त्र आहे. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली असो की उपनगरातलं वन रूम किचन, अशा घरात सजावटीचा पहिला पैसा शोभेच्या वस्तूंवर घालू नये, उजेडावर घालावा, असं माझं ठाम मत आहे. तो सगळ्यांत स्वस्तही पडतो.

खिडकीतून आलेला उजेड भिंतीवर पडतो. भिंत त्यातला थोडा गिळते आणि उरलेला परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छतावर, छतावरून जमिनीवर. समजा खोलीतले सगळे पृष्ठभाग ५० टक्के उजेड परत फेकतात. मग पहिल्या १०० भागांत पुढे ५०, २५, साडेबारा अशी भर पडत जाते आणि बेरीज २०० होते. आता परतावा ८० टक्के धरा. १००, ८०, ६४, ५१… ही बेरीज ५०० वर जाते. दिवा तोच, खिडकी तीच, उजेड मात्र अडीचपट. खरी गंमत पुढे आहे. ७० टक्क्यांना बेरीज ३३३ येते, म्हणजे ७० वरून ८० वर गेलं की उजेड दीडपट होतो. शेडकार्डावर शेजारी-शेजारी बसलेल्या दोन छटांत एवढं अंतर असू शकतं! प्रत्यक्षात कपाट, दार, उघडी खिडकी उजेड खातात, त्यामुळे आकडे इतके चढत नाहीत, पण दिशा हीच राहते. दिव्यांचा एकूण प्रकाश मोजायला प्रयोगशाळेत आतून पांढराशुभ्र लेप दिलेला पोकळ गोल वापरतात, त्याचं गणितही हेच.

याच गणितामुळे शेडकार्ड फसवतं. पत्तीवर फिकट, सोज्वळ दिसणारा पिवळा भिंतीवर चढला की भडक का होतो? समजा तो रंग लाल-हिरवा प्रकाश ८० टक्के आणि निळा ६० टक्के परत फेकतो. पत्तीवर फरक ८० आणि ६० एवढाच. पण चारही भिंतींना आणि छताला तोच रंग दिला, तर वरच्या हिशेबाने लाल-हिरव्याची बेरीज ५०० आणि निळ्याची २५० होते. म्हणजे भिंतीवर पडणारा उजेडच पिवळा झालेला असतो आणि पिवळी भिंत त्याला आणखी पिवळं करते. म्हणून मनात भरलेल्या पत्तीपेक्षा एक-दोन घरं फिकी छटा घ्यावी. शिवाय दोन बाय दोन फुटांचा तुकडा भिंतीवर रंगवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावा. दुकानदार घाई करतो, करू द्या.

पांढरेपणाचीही एक सुरस कथा आहे. चुना मारताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल, ओला चुना मातकट आणि पारदर्शक दिसतो, भिंत नीट झाकली गेली नाही असं वाटतं. वाळला की तोच लख्ख पांढरा. कारण आहे अपवर्तनांक, म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि वाळून कॅल्शियम कार्बोनेट झालेल्या चुन्याचा सुमारे १.६. दोन शेजाऱ्यांत फरक जितका मोठा, तितका प्रकाश जास्त विखुरतो आणि पृष्ठभाग तितका पांढरा दिसतो. कणांमध्ये पाणी असेल तर फरक लहान, हवा असेल तर मोठा. पावसाळ्यात भिंतीवर ओल उमटते तेव्हा तो डाग काळपट दिसतो, त्यामागेही हेच आहे. तिथे बहुतेक वेळा रंग बदललेला नसतो, भिंतीच्या छिद्रांत हवेच्या जागी पाणी भरलेलं असतं.

आजच्या रंगांत हे काम टायटॅनियम डायऑक्साइड करतो. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे, त्यामुळे पातळ थरही खालचं सगळं झाकतो. हे टायटॅनियम ज्या खनिजांतून मिळतं त्यांतलं एक म्हणजे इल्मेनाइट, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते आहे. काळ्याकुट्ट वाळूतल्या खनिजातून इतकं पांढरं रंगद्रव्य निघावं, याचं मला अजून नवल वाटतं. स्वस्त डिस्टेंपरमध्ये टायटॅनियम कमी आणि खडूसारखी भर जास्त असते, म्हणून त्याचे हात जास्त मारावे लागतात. पैसे बेताचे असतील तर चांगला इमल्शन छताला आणि खिडकीसमोरच्या भिंतीला द्यावा, बाकी भिंतींना डिस्टेंपर चालेल. चकचकीत रंग मात्र जुन्या भिंतींवर टाळावा. मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे सारखा पसरवतो, तर चकाकणारा तो ठरावीक दिशेला फेकतो आणि पुट्टीचे सगळे उंचवटे उघडे पाडतो.

छताबद्दल आणखी एक. जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की फिकं छत उंच भासतं, आणि भिंती फिक्या असतील तरीही खोलीची उंची जास्त वाटते. जुन्या इमारतींत छताच्या लाकडी तुळया गडद ऑइलपेंटने रंगवलेल्या असतात. त्या पांढऱ्या करून पाहा, डब्याभर रंगाचं काम आहे.

आता दिवे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशाच्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा थर असतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या मिश्रणात गडद लाल प्रकाश कमी पडतो. म्हणून मंगलदास मार्केटमधून हौसेने आणलेलं डाळिंबी पडद्याचं कापड घरच्या ट्यूबखाली विटकरी, निस्तेज दिसतं. कापड घेताना ते दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहण्याची आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय शास्त्राला धरून आहे. लोहार चाळीत बल्ब घेताना वॅटबरोबर खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडाही बघा. ८० सर्रास मिळतो. ९० किंवा त्याहून वरचा थोडा महाग पडतो, पण त्याखाली कपड्यांचे, जेवणाचे आणि माणसांच्या चेहऱ्यांचे रंग खरे दिसतात. दुसरा आकडा केल्विनचा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर. ओट्यावर ४००० बरा आणि बसायच्या-झोपायच्या जागी ३०००. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्यापेक्षा दोन लहान दिवे भिंतीवर उजेड टाकतील असे लावले, तर कोपरे अंधारात बुडत नाहीत आणि खोली ऐसपैस वाटते.

आरशाने उजेड वाढतो असं सगळे सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. पांढरी भिंतही जवळजवळ तेवढाच उजेड परत फेकते. आरसा खोली देतो ती नजरेला, कारण प्रतिमा आरशामागे तेवढ्याच अंतरावर दिसते. तेव्हा त्यात काय दिसणार ते आधी बघा. आकाशाचा तुकडा दिसत असेल तर जरूर लावा, कपड्यांची दोरी दिसत असेल तर नको.

रंगाइतकीच खिडकीही महत्त्वाची, आणि मुंबईत तिचेच सगळ्यांत जास्त हाल होतात. वरच्या मजल्यावर आकाशाचा उजेड वरून तिरपा येतो आणि आधी जमिनीवर पडतो. तिथे काळसर शहाबादी फरशी असेल तर पहिल्याच टप्प्याला तो विझतो. खिडकीजवळ फिकी चटई टाकली तर तोच उजेड छताकडे उसळतो. खालच्या मजल्यांवर हातभर अंतरावर दुसरी इमारत असते, आकाश दिसतच नाही, तेव्हा समोरची भिंत हाच तुमचा दिवा. ती हिरवी असेल तर तुमची पांढरी भिंतही हिरवट दिसणार. अशा घरात किंचित गुलाबी किंवा पीच झाक असलेला पांढरा घ्यावा.

खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड खोलीत सगळ्यांत आतवर पोचतो. आपण नेमका तोच भाग झालरीने, गुंडाळलेल्या पडद्याने आणि ग्रिलवर रचलेल्या बादल्या-डब्यांनी बंद करतो. पडद्याचा दांडा चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर न्यावा, म्हणजे पडदा उघडल्यावर भिंतीवर जाऊन बसतो. कुंड्या ग्रिलच्या तळाशी ठेवाव्यात, आणि वरची जाळी रंगाऱ्याला बोलावण्याआधीच रिकामी करून, काच साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी.