गॅलनच्या शिरेचा दोष: कवटी उघडावी लागत नाही

‘नवजात बाळाच्या मेंदूतली शीर फुगलीय म्हणजे कवटी उघडून ती काढायची’ हा समज अजून फिरतो. गॅलनची शीर म्हणजे मेंदूच्या मध्यभागातली मोठी शीर; तिच्या या जन्मजात दोषात धमन्या थेट एका शिरेत उघडतात, मधलं केशवाहिन्यांचं जाळंच नसतं. रक्ताचा लोंढा परत आल्याने बाळाचं हृदय थकतं. उघड्या शस्त्रक्रियेत मृत्यू फार होत, म्हणून आज जांघेतल्या धमनीतून, पहिल्या दिवसांत कधी नाळेच्या धमनीतून, बारीक कॅथेटर (लवचिक नळी) मेंदूपर्यंत नेतात.

धमनी आणि शिरेतली थेट वाट बुजवायला त्यातून वैद्यकीय गोंद सोडतात. तो रक्त किंवा सलाईन लागताच घट्ट होतो, म्हणून कॅथेटर आधी ५ टक्के डेक्स्ट्रोजने (साखरेच्या द्रावणाने) धुतात. एक्स-रेत दिसावा आणि जरा सावकाश गोठावा म्हणून त्यात लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल मिसळतात. लवकर गोठला तर कॅथेटर चिकटतो, उशिरा गोठला तर शिरेतून फुप्फुसात जातो.

तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम पाव लिटर, त्यामुळे कॉन्ट्रास्टचा (एक्स-रेत रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या द्रवाचा) एकेक मिली मोजावा लागतो.

‘एकाच बैठकीत सगळं बंद करा’ हा आग्रहही धोक्याचाच. प्रवाह अचानक थांबला तर रक्तस्राव होऊ शकतो, शिरेत गुठळी होऊ शकते. आधी हृदय सावरण्यापुरताच प्रवाह कमी करतात. औषधांवर स्थिर असलेल्या बाळाला साधारण पाच महिन्यांचं होऊ देतात, मगच हा उपचार करतात.